न्यायला कोणी नाही, म्हणून मनोरुग्णालयातच? डिस्चार्ज कसा मागायचा

आजार आटोक्यात आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत, पण न्यायला कोणी येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत एवढ्यावरच माणसांची वर्षं गेली आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (लागू २९ मे २०१८) याचं कलम १९ वाचा: घरचे नाहीत, घेत नाहीत, घरच नाही किंवा बाहेर सोय नाही, केवळ या कारणांवरून रुग्णालयात ठेवता येत नाही.

डिस्चार्ज मागायला इतकी वर्षं पूर्ण व्हायला हवीत, अशी अट नाही. ‘स्वतंत्र रुग्ण’ म्हणून, म्हणजे स्वतःच्या मर्जीने दाखल असाल तर तुम्ही मागाल तेव्हा डिस्चार्ज. तपासणीसाठी डॉक्टर फार तर २४ तास थांबवू शकतात. बाकीच्यांचा डिस्चार्ज ठरवताना कलम ९८ प्रमाणे डॉक्टरांनी रुग्णाशी, नामनिर्देशित प्रतिनिधीशी (रुग्णाने आपल्या वतीने बोलायला नेमलेली व्यक्ती) आणि घरच्यांशी किंवा काळजीवाहकाशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करायची असते. प्रतिनिधी नेमायला साधा कागद पुरतो, त्यावर सही किंवा अंगठा.

वॉर्डात दाद लागली नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा. अर्ज रुग्ण, त्याचा प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था करू शकते. फी नाही. अर्जदाराचं नाव, संपर्क, रुग्णालय, कोणता हक्क डावलला आणि काय हवंय एवढं लिहा. अपवादात्मक परिस्थितीत मंडळ तोंडी किंवा फोनवरचा अर्जही घेतं. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालय. वकील मोफत मिळतो, तो मागून घ्या.

खरी दमछाक कागदांची. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी रुग्णालयातूनच मिळते. पण आधार, बँक खातं, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आत असतानाच काढून घ्या, त्यासाठी समाजसेवा अधीक्षकांच्या मागे लागा. दाखल होताना कोणीतरी ऐकून लिहिलेलं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, हे नेहमीचंच. आधारचं मात्र एक गंमतीदार आहे. ठसे घेतल्यावर नोंदणी नाकारली जाते, कारण आधार आधीच निघालेलं असतं. आणि त्या जुन्या नोंदीतून बेघर म्हणून नोंदलेल्या माणसाच्या गावाचा पत्ता लागतो.

घरी परतणं शक्य नसेल तर हाफ-वे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवास) किंवा गटनिवास विचारा. ‘होम अगेन’ या उपक्रमात चार-पाच जण वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात, मदतनीस सोबत असतो. बघायला जाताना रुग्णालाही न्या. राहायचं त्याला आहे.

उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. गोळ्यांसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा, पहिली तारीख डिस्चार्जच्या आधीच घेऊन ठेवा. अडलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.