हौदातला भाव

शेअर बाजारात काय किंवा बाजार समितीत काय, विकणाऱ्याला घेणारा लागतो. दोघांचा आकडा जुळला की सौदा. युनिस्वॅप या नाणी अदलाबदलीच्या ऑनलाइन सेवेवर एक क्रिप्टो नाणं देऊन दुसरं घेताना मात्र समोर कुणीच नसतं. असतो एक हौद, आणि एक गुणाकार.

हेडन ॲडम्स हा मेकॅनिकल इंजिनिअर. 2017 साली त्याची नोकरी गेली आणि तो प्रोग्रॅमिंग शिकू लागला. 2 नोव्हेंबर 2018 रोजी त्याचं युनिस्वॅप इथेरियम या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या सामायिक खातेवहीवर) सुरू झालं. मूळ कल्पना इथेरियमचा सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन याने आधीच मांडलेली होती. अडचण अशी होती की ब्लॉकचेनवर बोलींची वही ठेवणं परवडत नाही. बोली लावा, बदला, मागे घ्या, दर वेळी गॅस फी (नोंदीचं शुल्क) मोजा आणि वर पुढच्या ब्लॉकची, म्हणजे नोंदींच्या पुढच्या गठ्ठ्याची, वाट पाहा. म्हणून बोलीच काढून टाकल्या.

हौद म्हणजे लिक्विडिटी पूल, लोकांनी फीच्या मोबदल्यात भरून ठेवलेला दोन नाण्यांचा साठा. समजा त्यात 100 इथर (इथेरियमचं नाणं) आणि 2 लाख यूएसडीसी आहेत (एक यूएसडीसी म्हणजे साधारण एक डॉलर). दोन्हींचा गुणाकार 2 कोटी. नियम एवढाच: सौद्यानंतरही हा गुणाकार 2 कोटीच राहिला पाहिजे. आत्ताचा भाव 2 लाख भागिले 100, म्हणजे 2,000.

एक इथर काढलात तर 99 उरतील. 2 कोटी भागिले 99 म्हणजे साधारण 2,02,020. तुम्ही 2,020 भरायचे. वीस जास्त गेले, फार काही नाही. पण दहा इथर काढायला गेलात तर 22,222 मोजावे लागतात, म्हणजे एकेक 2,222 ला पडला. पन्नास काढाल तर सरासरी 4,000! आणि शंभरच्या शंभर? ते कितीही पैसे ओतलेत तरी जमणार नाही. शून्याला कशानेही गुणलं तरी 2 कोटी होत नाहीत. हौद आटतो, पण कोरडा पडत नाही. या सूत्रात मला सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट.

मूळ युनिस्वॅपची फी 0.3 टक्के, असं सांगितलं की स्वस्त वाटतं. लहान हौदात मोठा सौदा केलात तर खरा खर्च फीमध्ये नसतो, या चढत्या भावात असतो. त्याला स्लिपेज म्हणतात.

मग हौदातला भाव बाहेरच्या बाजाराशी जुळतो कसा? लोभाने. इथे 2,000 आणि बाहेर 2,050 असेल तर कुणीतरी इथून उचलून तिथे विकतो, आणि फरक उरेनासा झाला की थांबतो. त्याचा नफा मात्र हौद भरणाऱ्यांच्या खिशातून जातो. इथर बाहेर 8,000 झाला तर हौदात 50 इथर आणि 4 लाख यूएसडीसी उरतील, एकूण किंमत 8 लाख. तीच नाणी घरी नुसती ठेवली असती तर 10 लाख झाले असते. या 20 टक्क्यांच्या तुटीला ‘इम्पर्मनंट लॉस’, तात्पुरता तोटा म्हणतात. नाव फसवं आहे; भाव मूळ जागी परतला नाही तर तो कायमचाच. मिळालेल्या फीतून तो भरून निघेल या आशेवर लोक हौद भरतात.

आणखी एक मेख. तुमचा सौदा ब्लॉकमध्ये जाण्याआधी काही क्षण सगळ्यांना दिसतो. एखादा बॉट (आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम) तुमच्या आधी खरेदी करून भाव चढवतो, तुम्ही महाग घेता आणि तुमच्या लगेच मागून तो विकून मोकळा होतो. सँडविच हल्ला तो हाच. म्हणून स्लिपेजची मर्यादा, म्हणजे भाव किती चढला तरी सौदा चालेल तो आकडा, ढिली ठेवू नये.

भारतातल्या वाचकाला यात एक जास्तीची गोष्ट लागू होते. हातात रुपयाही न येता एक नाणं देऊन दुसरं घेतलं, तरी करखात्याच्या लेखी ते हस्तांतरणच. नफ्यावर 30 टक्के कर, 1 एप्रिल 2022 पासून. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही.