एक्सपायर, लामा, डीएनआर: वॉर्डातल्या शब्दांमागचा इतिहास

"पेशंट एक्सपायर झाला" हे नवीन सिस्टरला कुणी शिकवावं लागत नाही, दोन दिवसात तोंडात बसतं. तीच सिस्टर युकेला गेली की तिकडे सांगतात, सरळ डाइड म्हण.

हॉस्पिस तसा जुना शब्द, पण आजच्या अर्थाने, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा, तो लंडनमध्ये १९६७ ला सुरू झाला आणि मुंबईत, बांद्र्याला, १९८६ ला आला. अशा पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर हे नाव ७० च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये पडलं, कारण फ्रेंच बोलणाऱ्यांना हॉस्पिस म्हटलं की गोरगरिबांचा आश्रम आठवायचा.

खरा घोळ पॅसिव्ह युथनेशियाचा, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचा. मुंबईतल्या पालिकेच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स अरुणा शानबाग, १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं तिथेच पडून होती, तिला मरण येऊ द्यावं म्हणून एका पत्रकार बाईने अर्ज केला, तिला हाताने भरवणाऱ्या नर्सेसनी कडाडून विरोध केला. २०११ ला सुप्रीम कोर्टाने अर्ज फेटाळला, पण त्याच निकालात हायकोर्टाच्या परवानगीने पॅसिव्ह युथनेशिया चालेल असंही म्हटलं. झालं, व्हेंटिलेटर काढणं आणि मारणं एकाच शब्दात अडकलं! माझ्या मते कोर्टाने तिथे दुसरा शब्द वापरायला हवा होता. डॉक्टर घाबरले, आणि वॉर्डात चालू राहिलं ते लामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. मुलाची सही घ्यायची, ट्यूब तशीच ठेवून अँब्युलन्समध्ये हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबत पेशंटला गावी न्यायचं. कागदावर सल्ला नातेवाइकांनी मोडलेला, प्रत्यक्षात बऱ्याचदा "आता घरी न्या" हे डॉक्टरांनीच हळूच सुचवलेलं.

२०१८ ला लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून ते कुणी फारसं करेना. २०२३ ला ती अट जाऊन नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो असं झालं. पॅसिव्ह युथनेशिया हा शब्दच टाळा, असं डॉक्टरांसाठीच्या व्याख्यांमध्ये २०१८ लाच सांगितलं होतं, पेपरवाले मात्र अजून तोच छापतात.

डीएनआरचंही असंच, म्हणजे डू नॉट रिससिटेट, हृदय बंद पडलं तर ते पुन्हा चालू करू नका. नुसतं डीएनआर म्हटलं की वाटतं, केलं असतं तर जीव नक्की वाचला असता, म्हणून मध्ये अटेम्प्टचा ए घातला आणि आपल्याकडच्या २०२० च्या मार्गदर्शनात डीएनएआर आलं. यात फक्त सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करणं, थांबतो. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनेचं औषध सगळं चालू. तरी नाइटच्या हँडओव्हरला "बेड सहा, डीएनआर" एवढंच म्हटलं की समोरची पहिला प्रश्न विचारते, "मग सलाईन बंद करायचं का?"