बाण कपाळावर का मारू नये
मोठ्या जनावराच्या कपाळात बाण मारला की ते तत्काळ, वेदनेविना मरते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हरणाचा मेंदू लहान, कवटी कठीण व उतरती, आणि डोके सतत हलते. त्यामुळे बाण सहज घसरतो आणि जबडा फुटलेले जनावर दिवसेंदिवस उपाशी तडफडते, हे फार क्रूर आहे. बाण मुख्यतः रक्तस्रावाने मारतो. म्हणून जेथे शिकार कायदेशीर आहे (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीस सर्वसाधारणपणे मनाई आहे), तेथे जनावर आपल्याकडे कूस करून उभे असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या निम्म्या उंचीच्या जरा खाली, हृदय-फुप्फुसांवर नेम धरतात. पडताळा येथे ग्वाल्हेरातही घेता येईल: खाटकाकडे बोकडाचे मुंडके व उघडलेली छाती शेजारी पाहावी, मेंदू मुठीत मावतो, तर फुप्फुसांनी दोन्ही तळहात भरतात.