९० लाख डॉलरचा डिफेन्समन आणि विजेत्याचा शाप

उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये दर उन्हाळ्यात करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो आणि पहिल्याच दिवशी वाद पेटतो: अमक्या संघाने अमक्या डिफेन्समनसाठी, म्हणजे बचावपटूसाठी, जास्त पैसे मोजले का? डगी हॅमिल्टनचंच बघा. जुलै २०२१मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने त्याच्याशी ७ वर्षांचा, ६ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला ९० लाख. त्या मोसमात अख्ख्या संघाच्या पगारावर मर्यादा होती ८ कोटी १५ लाखांची, म्हणजे एका माणसावर ११ टक्के. तेव्हा त्याचं वय २८. करार संपेल तेव्हा ३५.

लोक लगेच गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) मोजायला बसतात. पण जादा पैसे जातात ते त्याच्या आधी, बोली लागते तेव्हा.

काचेच्या बरणीत नाणी भरा. दहा जणांना न मोजता, एकमेकांशी न बोलता, आतली रक्कम चिठ्ठीवर लिहायला सांगा. समजा चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होतात, त्यामुळे दहा आकड्यांची सरासरी खऱ्या रकमेजवळ येते. पण बरणी मिळते सर्वांत मोठा आकडा लिहिणाऱ्याला, आणि तेवढे पैसेही त्यालाच भरावे लागतात. म्हणजे ज्याची चूक वरच्या बाजूला सर्वांत मोठी, तोच जिंकतो! मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या लिलावांबद्दल तीन अभियंत्यांनी १९७१मध्ये हेच मांडलं. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात.

आता उदाहरणापुरते आकडे घेऊ. खेळाडूची खरी किंमत ६० लाख आणि संघांच्या अंदाजांचं प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पसरतात ते माप, १० लाख. पाच संघ बोलीत असतील, तर सर्वांत वरचा अंदाज सरासरीने १.१६ विचलनं वर जातो: ७१ लाख ६० हजार. दहा असतील तर १.५४ विचलनं, ७५ लाख ४० हजार. लीगमधले सगळे ३२ उतरले तर सुमारे ८१ लाख. कुणीही मूर्खपणा केलेला नाही, तरी २१ लाख जादा! म्हणून स्पर्धक वाढले की शहाण्या संघाने आपल्या अंदाजातून जास्त वजावट करायला हवी. प्रत्यक्षात गर्दी बघून बोली वाढवली जाते. शिवाय हॅमिल्टनला रोज सरावात पाहणाऱ्या जुन्या संघाने, इथे कॅरोलायनाने, त्या भावाला त्याला जाऊ दिलं, हीसुद्धा माहितीच आहे.

अंदाज इतके चुकतात कशाने? मोसमात २०० फटके मारणाऱ्या डिफेन्समनचं खरं कौशल्य ६ टक्के, म्हणजे शंभर फटक्यांत ६ गोल, धरलं, तर अपेक्षित गोल १२ आणि विचलन √(२००×०.०६×०.९४), म्हणजे ३.४. कौशल्य तेच, तरी एका वर्षी ९ गोल आणि दुसऱ्या वर्षी १५ होणं अगदी नेहमीचं. नेमकं १५चं वर्ष करार संपताना आलं की भाव चढतो. हॅमिल्टनचे सामन्यामागे गुण (गोल अधिक असिस्ट) बघा: करारापूर्वी ५५ सामन्यांत ४२, म्हणजे ०.७६. मग जबडा मोडला त्या मोसमात ०.४८, आणि पुढच्या वर्षी ८२ सामन्यांत ७४, म्हणजे ०.९०.

त्या ०.९०च्या वर्षी संघ गुणतक्त्यात ६३ गुणांवरून ११२वर गेला, तेव्हा काहींना पायगुण दिसला. पायगुणच असता तर आदल्या वर्षीही तोच खेळाडू संघात होता. संघातल्याच जॅक ह्यूजचे ९९ गुण आणि सावरलेली गोलरक्षणाची बाजू, ही कारणं मोजता येतात.

मग जास्त मोजले का? वर्षाची रक्कम फार जास्त वाटत नाही. वर्षं मात्र जास्त वाटतात. दुसऱ्या संघाला तेव्हा जास्तीत जास्त ७ वर्षं देता येत होती, आणि न्यू जर्सीने ती सगळी दिली. २०२३-२४मध्ये हॅमिल्टनच्या छातीचा स्नायू फाटला आणि तो २० सामनेच खेळला. २०२५-२६मध्ये पगाराची मर्यादा ९ कोटी ५५ लाखांवर गेल्याने तेच ९० लाख त्या मोसमात ९.४ टक्केच पडले. पण २०२१मध्ये कोविडमुळे मर्यादा गोठलेली होती, त्यामुळे या वाढीचं श्रेय तेव्हाच्या हिशेबाला देता येणार नाही.