'पाटिल' म्हणजे 'पाटील'च, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

परवा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड फिरत होतं की आता एआय आलंय, मास्तरांची क्लार्कगिरी संपली. कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजात शिकवणाऱ्याला विचारा, असाइनमेंट जमा करायच्या दिवशी काय चालतं ते. कुठली फाइल कुणाची, हे वर्गाच्या यादीशी जुळवत बसायला लागतं. यादीत नाव 'सूर्यवंशी', फाइल येते 'सुर्यवंशि', दुसरी 'चौगले असाइनमेंट फायनल फायनल नवीन', तिसरीवर नावच नाही, नुसतं 'कॅमस्कॅनर' आणि पुढं तारीख. आणि वर्गात पाटील किती ते तर विचारूच नका, करवीर तालुका आहे हा.

बऱ्याच जणांना वाटतं त्यात काय, कंट्रोल एफ मारायचं. पण कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, नंबर दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटीचा नंबर २३६७ आणि दीर्घ वेलांटीचा २३६८. आपल्याला 'पाटिल' बघून फारतर शुद्धलेखनाचा राग येतो, कॉम्प्युटरच्या लेखी तो माणूसच वेगळा. म्हणजे 'सारखं आहे का' हा प्रश्नच चुकला, 'किती वेगळं आहे' असं विचारायला पाहिजे.

ते मोजायची पट्टी व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली दिली. त्याच्या डोक्यात नावं नव्हतीच, संदेश पाठवताना वाटेत होणाऱ्या चुका कशा दुरुस्त करायच्या हा त्याचा विषय. पट्टी अशी: एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात? दुरुस्ती तीनच प्रकारची, एक चिन्ह घाला, एक काढा, नाहीतर एक बदला. 'चौगले'चं 'चौगुले' करायला एक उकार घातला की झालं, अंतर १.

आता मला यातला लई आवडणारा भाग. 'कमीत कमी' शोधायचं कसं? 'सूर्यवंशी' कॉम्प्युटरला ९ चिन्हांचा दिसतो (स, दीर्घ उकार, र, हलन्त, य, व, अनुस्वार, श, वेलांटी), 'सुर्यवंशि' पण ९ चा. एकाचं दुसरं करायच्या वेगवेगळ्या वाटा मोजल्या तर १४,६२,५६३ भरतात, सगळ्या कुठं चालत बसणार. पण रंकाळ्यावरून दसरा चौकात जायची सगळ्यात जवळची वाट हवी असली तर दसरा चौकाला लागून असलेल्या चौकांपर्यंतची जवळची वाट माहीत असली की भागतं, त्याच्या मागची गल्लीबोळं परत तुडवायला लागत नाहीत. तसंच इथं. एक नाव आडवं मांडायचं, दुसरं उभं, आणि मधल्या प्रत्येक घरात 'इथपर्यंतचे दोन तुकडे जुळवायला किती दुरुस्त्या' हा आकडा लिहायचा. तो आकडा काढायला तीनच शेजारी बघायचे: डावीकडचं घर अधिक १, वरचं घर अधिक १, आणि तिरकं घर, त्यात चिन्ह सारखं असेल तर अधिक शून्य, नाहीतर अधिक १. तिघांत जो लहान तो लिहायचा आणि पुढं सरकायचं. सुरुवातीची शून्याची ओळ आणि उभा रकाना धरून १०० घरं भरली की खालच्या उजव्या कोपऱ्यात उत्तर: २. साडेचौदा लाख वाटांचं काम १०० घरांत, नाद खुळा!

पण 'माने'चं 'मोरे' करायला पण दोनच दुरुस्त्या लागतात, आणि ती तर सरळ दोन वेगळी घराणी. म्हणून अंतराला लांबीने भागायचं. सूर्यवंशीत ९ पैकी २, माने-मोरेत ४ पैकी २, फरक लगेच कळतो.

इंग्रजीत तर अजून गोंधळ. चौगुलेचं स्पेलिंग कुणी 'सी एच ओ यू'ने सुरू करतं, कुणी 'सी एच ए यू'ने. त्यात अंकशास्त्रवाल्याचं ऐकून नावात जादाचा 'ए' घालणारे आहेतच, त्यानं ग्रह काही हलत नाही, अंतर मात्र १ नं वाढतं. उच्चारावरून जुळवायची साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, अमेरिकेत १९१८ चं पेटंट. ती स्वर गाळून कोड बनवते, त्यामुळं चौगुलेची ही सगळी स्पेलिंगं सी२४० वर येतात, छान. पण पाटील पी३४० आणि पटेलही पी३४०, मग?

आणि एकेक नाव जुळवून भागत नाही. समजा 'प्र पाटील' नावाची फाइल आधी आली. प्रतीकपासून तिचं अंतर ३, प्रथमेशपासून ४, म्हणून प्रोग्रामने ती प्रतीकला देऊन टाकली. मागून 'प्रतीक पाटील' अशी स्वच्छ फाइल आली, ती उरलेल्या प्रथमेशच्या गळ्यात, अंतर ४. एकूण ७. उलट वाटलं असतं तर ४ अधिक ०, म्हणजे ४ च. म्हणून सगळ्या फाइली आणि सगळी पोरं एकदम समोर घेऊन एकूण बेरीज कमी करायची, त्याला हंगेरियन पद्धत म्हणतात. मांडली अमेरिकन हॅरल्ड कुन यांनी १९५५ साली, पाया दोन हंगेरियन गणितज्ञांचा म्हणून नाव तसं. ६० पोरं आणि ६० फाइली जुळवायचे प्रकार ८२ आकडी संख्येइतके आहेत, ही पद्धत त्या सगळ्यांत न शिरता सगळ्यात कमी बेरीज काढते, साध्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत.

ज्यांनी फाइल दिलीच नाही त्यांच्यासाठी 'फाइल नाही' अशी खोटी फाइल ठराविक अंतर धरून घालायची, नाहीतर पद्धत कुणाची तरी फाइल त्यांच्या नावावर चढवणारच. एखाद्या फाइलला सगळ्यात जवळच्या दोन नावांच्या अंतरात फरक कमी असला तर प्रोग्रामने गप्प बसून ती ओळ पिवळी करावी, बाकी मॅडम बघतील.

यावर कुणी म्हणेल नाव सोडा, पीआरएन नंबर घ्या, म्हणजे विद्यापीठाने प्रत्येक पोराला दिलेला नोंदणी नंबर. घ्याच, पण नंबर टाइप करताना पण पोरं चुकतात, आणि तिथं हे अंतर कामाला येत नाही. 'चौगले' नावाचं दुसरं कुणी वर्गात बहुतेक नसतं, पण पीआरएनचा शेवटचा आकडा चुकला तर त्या नंबरचा पोरगा शेजारच्याच बाकावर बसलेला असतो.