टपावरचं दव आणि सकाळचं फडकं

पावसाळ्यात मुंबईतली गाडी महिनाभर कुणी धुतली नाही, तरी टप आणि बॉनेट बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. चिखल असतो तो खाली, चाकांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं होतं. रात्री लख्ख पुसून ठेवलेल्या गाडीच्या टपावर सकाळी करडा थर असतो, आणि तो फुंकर मारून उडतही नाही.

धूळ काय, बाराही महिने तयार होतेच. पण मुंबईचा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. त्यानंतर हवा धुणारं कुणी उरत नाही. त्यात हिवाळ्यातल्या रात्री जमीन लवकर निवते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. मेट्रोची कामं, इमारतींचं रीडेव्हलपमेंट, रस्त्यावरून जाणारे डंपर यांची धूळ त्या झाकणाखालीच घुटमळते. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतात आणि हवा साफ करणारे खारे वारे त्या मानाने उशिरा सुरू होतात. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांभोवती उंच पत्रे लावायचे आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाकं धुवायची असे नियम काढले, ते याच ऋतूच्या तोंडावर.

धूळ नुसती बसते तोवर फारसं बिघडत नाही. खरा घोळ होतो पहाटे.

गाडीचा टप रात्रभर उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत असतो आणि आकाशाकडून त्याला परत फारसं काही मिळत नाही. त्यामुळे तो भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो आणि त्यावर दव जमतं. दारांसमोर भिंती असतात, शेजारच्या गाड्या असतात. त्या थोडी उष्णता परत देतात, म्हणून दारं कमी ओली होतात. स्टिल्टखाली उभ्या केलेल्या गाडीवर दव जवळपास नसतंच, कारण तिच्या डोक्यावर काँक्रीटचं छत असतं.

या दवात धुळीतले क्षार विरघळतात. सिमेंटमधला चुना, जिप्सम, समुद्रावरून आलेलं मीठ. मिठाला तर दवाचीही गरज नाही: हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते आपोआप पाझरू लागतं. ऊन आलं की पाणी उडून जातं आणि क्षार कणाच्या व रंगाच्या मधल्या फटीत स्फटिक होऊन बसतात. विटांमध्ये भरलेला माल सुकावा तसे. सौर पॅनेलवरच्या धुळीचा अभ्यास करणाऱ्यांनी हे वाळवंटी प्रदेशांत नीट तपासलं आहे: दव पडून सुकलेली धूळ कोरड्या धुळीपेक्षा कितीतरी घट्ट चिकटते. म्हणूनच सी लिंकवरून गाडी ८० च्या वेगाने नेली तरी ती निघत नाही. शिवाय पत्र्याला अगदी लागून असलेली हवा जवळजवळ स्थिरच असते, आणि बारीक कण त्या पातळ थरात सुखरूप बसून राहतात.

आणि नेमक्या याच वेळी, दव अर्धवट सुकलेलं असताना, सोसायटीत फडकं फिरतं.

धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे वाळूचा खनिज भाग, भरपूर असतो. मोहच्या काठिण्य-मापनात क्वार्ट्झ ७ वर आहे, तर गाडीची काच ५.५ च्या आसपास. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, हा तर एक पॉलिमर. काचेहून पुष्कळ मऊ आणि जाडीला साधारण ४० ते ५० मायक्रॉन. झेरॉक्सच्या कागदाच्या निम्माच. काळ्या गाडीवर दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, ती या फडक्याचीच देणगी. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कडी दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त लपतात.

यात पुसणाऱ्या पोराचा दोष नाही. एका बादलीत आख्खी रांग उरकायची म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? रोज चमक हवी हा हट्ट आपला. माझं मत विचाराल तर त्याला तेवढेच पैसे द्या आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदाच, पण भरपूर पाण्याने धुवायला सांगा. मधले दिवस गाडी मळकट दिसू द्या. बसलेली धूळ ओरखडे काढत नाही. ती घासली की काढते. मळक्या गाडीवर कव्हर चढवणं हेही घासणंच. आणि बॉनेटवर बोटाने ‘धुवा मला’ लिहिणाऱ्या पोरांना आवरा, ती अक्षरं धुतल्यावरही राहतात.

धुताना आधी टपावरून मगाने पाणी सोडून दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे क्षार परत विरघळतात. मग गाडीचा शॅम्पू, वरून खाली, आणि फडकं खळबळायला वेगळी बादली. कपड्यांची पावडर नको, तिच्यातला सोडा मेणाचा थर काढून टाकतो. काचेवर पाणी मारल्याशिवाय वायपर फिरवायचा नाही, कारण क्वार्ट्झ काचेलाही चरे पाडतो.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. तानसा-भातसाचं नळाचं पाणी तसं मृदू असतं. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी बऱ्याचदा जड असतं आणि उन्हात सुकलं की कॅल्शियमचे पांढरे गोल डाग सोडतं. तेव्हा सावलीत धुवा, लगेच टिपून घ्या. ताजे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, नंतर साध्या पाण्याने धुऊन टाका. जुने डाग मात्र क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात, तिथे पॉलिशवाल्याकडेच जावं लागतं.