इराकमधली 'पाच लाख मुलं': एका आकड्याची पार्श्वभूमी

आर्थिक निर्बंधांमुळे मुलं मरतात का, या वादात इराकचं नाव निघतं आणि पाठोपाठ 'पाच लाख' हा आकडा येतो. प्रश्न मात्र इराकपेक्षा बराच जुना. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी केलेली जर्मनीची नाकेबंदी युद्धबंदी झाल्यावरही जुलै १९१९ पर्यंत चालू होती. भुकेने खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलाचं छायाचित्र छापलेली पत्रकं लंडनमध्ये वाटल्याबद्दल एका बाईंना अटक झाली, दंड झाला. बालहक्कांचा १९२४ चा जिनिव्हा जाहीरनामा त्यांच्याच मसुद्यातून आला.

इराकवरचे निर्बंध ६ ऑगस्ट १९९० ला लागले, कुवेतवरच्या आक्रमणानंतर चारच दिवसांनी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव ६६१ मधून औषधं वगळली होती. अन्नाला मात्र 'मानवतावादी परिस्थिती'पुरतीच सूट. पुढच्या वर्षी आखाती युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत वीजकेंद्रं उद्ध्वस्त झाली. वीज नाही म्हणून पाण्याचे पंप बंद, सांडपाण्याचं शुद्धीकरण बंद. पाणी निर्जंतुक करायला क्लोरीन लागतो, पण त्यापासून रासायनिक अस्त्रंही बनतात, म्हणून त्यावर कडक नियंत्रण. पंधरा देशांच्या निर्बंध समितीत एकाही देशाने हरकत घेतली तरी इराकची आयातीची मागणी अडकून पडे. २००१ मध्ये लहान मुलांच्या लसीसुद्धा काही काळ अशाच अडवल्या गेल्या, त्यातून जैविक अस्त्रं बनतील या शंकेने. २००२ मध्ये रोखून धरलेल्या मालाची किंमत सुमारे ५ अब्ज डॉलर होती.

बगदादही यातून सुटत नाही. तेल विकून अन्न-औषधं घेण्याचा प्रस्ताव १९९१ मध्येच समोर होता. सद्दाम हुसेनच्या राजवटीने तो धुडकावला, १९९६ मध्ये तशीच योजना मान्य केली आणि तिचं पहिलं धान्य पोहोचायला मार्च १९९७ उजाडला.

आता तो आकडा. १९९५ मध्ये बगदादमध्ये घरोघरी पाहणी झाली आणि त्यावरून देशभरात ५ लाख ६७ हजार बालमृत्यू झाल्याचा अंदाज एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रात छापून आला. मे १९९६ मध्ये एका अमेरिकी राजदूतांना दूरचित्रवाणीवर याबद्दल विचारलं, तेव्हा 'ही किंमत मोजण्याजोगी आहे' असं त्या म्हणाल्या. पुढे त्याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. १९९७ मध्ये पाहणी करणाऱ्यांपैकीच एकजण त्याच घरांत पुन्हा गेल्या. नोंदवलेल्या बऱ्याच मृत्यूंना दुजोरा मिळेना, आणि अंदाज मागे घेतला गेला.

तरी पाच लाख पुन्हा उभे राहिले. १९९९ च्या मोठ्या पाहणीत मध्य आणि दक्षिण इराकमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारी ५६ वरून १३१ वर गेल्याचं दिसलं. ऐंशीच्या दशकातली घट तशीच चालू राहिली असती तर जेवढी मुलं वाचली असती, ती संख्या पाच लाख. म्हणजे ही मोजलेल्या प्रेतांची नव्हे, न घडलेल्या भविष्याशी केलेली तुलना होती. निर्बंध तेच असूनही बगदादच्या ताब्यात नसलेल्या कुर्द उत्तर भागात मृत्युदर किंचित घटला होता. बगदादच्या हाती असलेल्या भागात मुलाखती घेणारे सरकारी आरोग्य खात्याचे लोक होते. २००३ नंतरच्या पाहण्यांत एवढी मोठी उसळी सापडलीच नाही. २०१७ मध्ये दोन संशोधकांनी तर राजवटीने आकडे फिरवले, असंच म्हटलं.

मला खटकतं ते पुढचं. आकडा खोटा ठरला की निर्बंधांचे समर्थक सगळं प्रकरणच निकालात काढतात, आणि विरोधक त्या आकड्याला चिकटून राहतात. अडवलेला क्लोरीन आणि अडवलेल्या लसी दोघांच्याही हिशेबात येत नाहीत, आणि त्या खऱ्या आहेत की नाही हे ठरवायला कुठल्याही अंदाजाची गरज नाही. मानवतावादी कामाचे बगदादमधले समन्वयक १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले २००० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले, ते हेच रोज पाहत होते.

त्यानंतर सरसकट बंदीऐवजी ठरावीक व्यक्ती, कंपन्या, खाती लक्ष्य करण्याकडे कल वळला. २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले आणि कागदोपत्री अन्नावर बंदी नसूनही बाजार कोलमडला. डिसेंबर २०२२ मध्ये ठराव २६६४ ने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मदतकार्याला सर्वसाधारण सूट दिली. वेगवेगळे देश स्वतःहून लावतात त्या निर्बंधांना ती आपोआप लागू होत नाही. दंडाच्या धास्तीने बँका औषधांचेही पैसे पुढे पाठवायला कचरतात.